हेमस म्हणजे ‘हिम’ का? बाल्कनमधल्या प्राचीन नावांची व्युत्पत्ती तपासायची कशी

करवीर_वाचनकट्टा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात आमच्या वाचनकट्ट्यावर बाल्कन प्रदेशातल्या प्राचीन गावांच्या, नद्यांच्या आणि जमातींच्या नावांचा एक भिंतीवरचा तक्ता लावायचा आहे. टाउन हॉल संग्रहालयातल्या ब्रह्मपुरीच्या पोसायडनपासून विषय निघाला आणि ग्रीसच्या उत्तरेकडे सरकत गेला. तक्त्यावर नाव, अर्थ आणि मूळ भाषा असे तीन रकाने आहेत. सदस्यांनी सुचवलेल्या यातल्या कुठल्या नोंदी ठेवाव्यात?

१. हाइमोस (हेमस, आजचा बाल्कन पर्वत) – संस्कृत ‘हिम’.
२. दार्दानी जमात – महाभारतातले ‘दरद’.
३. स्त्रिमोन नदी (आजची स्त्रुमा) – ‘स्रवणे’.
४. दाल्मातिया – मेंढ्यांचा प्रदेश. आधार: तिथे मेंढ्यांचं कुरण होतं असं ग्रीक भूगोलकार स्ट्रेबो लिहितो.
५. डॅन्यूब – वेदातला ‘दानु’.
६. पुल्पुदेवा (आजचं बल्गेरियातलं प्लोव्हदिव्ह) – शेवटी ‘देव’.

नामशोधक

३ आणि ५ ठेवा. १, २ आणि ६ खोडा. ४ मध्ये निष्कर्ष एक वेळ उभा राहील, पण दिलेला आधार चुकीचा आहे.

हिमाचं आधी सांगतो, कारण सगळ्यात जास्त मोह तिथेच होतो. ‘हिम’मधला ह मूळचा ह नाही. मूळ भारत-युरोपीय भाषेत तिथे तालव्य ‘घ्य’सारखा महाप्राण वर्ण होता. संस्कृतात त्याचा ह झाला, ग्रीकमध्ये ख झाला, स्लाव भाषांत ज़ झाला. म्हणून हिवाळ्याला ग्रीक ‘खेइमोन’ म्हणतो, बर्फाला ‘खिओन’, आणि बल्गेरियन माणूस हिवाळ्याला आजही ‘ज़िमा’ म्हणतो. हे सगळे ‘हिम’चे खरे भाऊबंद. तेव्हा त्या पर्वताचं नाव हिमावरून ग्रीकांनी ठेवलं असतं तर ते ‘खेइम-’ असं काहीतरी दिसलं असतं, आणि थ्रेसियन लोकांनी (बाल्कनच्या पूर्व भागातल्या थ्रेसचे प्राचीन रहिवासी) ठेवलं असतं तर ‘ज़िम-’ किंवा ‘ज़ेइम-’. ‘हाइमोस’ दोन्हीत बसत नाही.

थ्रेसियनमध्ये या वर्णाचा ज़ होतो हे कशावरून? ‘-दिज़ा’ या प्रत्ययावरून. थ्रेसमधल्या किल्ल्यांच्या नावांत तो येतो. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने इराणी सम्राट झर्क्सीसच्या स्वारीसाठी धान्य साठवलेल्या ठिकाणांत ‘तिरोदिज़ा’ दिलं आहे. धातू माती लिंपून भिंत उभारण्याचा, संस्कृत ‘दिह्’, ज्यातून आपला ‘देह’ आला. ग्रीकमध्ये त्याचं ‘तेइखोस’ (तटबंदी) झालं, अवेस्तात (प्राचीन इराणी धर्मग्रंथात) ‘पइरिदएज़’ (भोवती भिंत घातलेली जागा), आणि तिथूनच पुढे ‘फिरदौस’. म्हणजे एकाच वर्णाचा ग्रीकमध्ये ख, थ्रेसियनमध्ये ज़ आणि संस्कृतात ह. हे समीकरण वहीत लिहून ठेवा, निम्म्या चुकीच्या व्युत्पत्ती तिथेच गळतात.

स्त्रिमोन मात्र पक्का आहे. धातू ‘स्रु’, वाहणे. ग्रीकमध्ये सुरुवातीचा स गळतो आणि ‘र्‍हेओ’ (मी वाहतो) होतं. थ्रेसियनमध्ये स आणि र यांच्यामध्ये त शिरतो, म्हणून ‘स्त्र-’. स्लाव भाषांत ‘स्त्रुया’ (प्रवाह) असाच झाला. नावात ‘स्त्र’ टिकलाय याचाच अर्थ नाव ग्रीकांनी ठेवलेलं नाही, त्यांनी फक्त ऐकून लिहिलं. शिवाय ती नदी आहे आणि अर्थ ‘वाहणारी’ आहे. ध्वनी, अर्थ आणि जागा अशा तिन्ही गोष्टी जुळल्या की नोंद तक्त्यावर घ्यायची.

डॅन्यूबच्या नोंदीला एक टीप हवी. ‘दानु’ हा शब्द वेदात द्रव किंवा थेंब या अर्थाने येतो आणि अवेस्तात नदी या अर्थाने, म्हणून नातं खरं आहे. पण याचा अर्थ नाव संस्कृतातून तिकडे गेलं असा होत नाही, दोघांचा पूर्वज एक. रोमनांनी ‘दानुबियुस’ हे रूप बहुधा वरच्या भागातल्या केल्टिक लोकांकडून घेतलं. खालच्या भागात ग्रीक त्याच नदीला ‘इस्त्रोस’ म्हणत. तक्त्यावर दोन्ही नावं दाखवा, नाहीतर हेरोडोटस वाचणारा गोंधळेल.

दरदांबद्दल थोडक्यात. दरद सिंधूच्या वरच्या खोऱ्यात, दार्दानी आजच्या कोसोव्हो-स्कोप्ये भागात. मधल्या हजारो मैलांत दुवा सांधणारी एकही नोंद नाही. द-र-द हे तीन वर्ण जुळणं हा काही पुरावा नव्हे.

शिरोळ_नकाशे

प्रत्ययांबद्दल लिहितो. एकटं नाव घेऊन बसलं तर काहीच हाती लागत नाही, ओळ लावावी लागते. आपल्या शिरोळ तालुक्यात कुरुंदवाड, दत्तवाड, शिरदवाड अशी ओळ लागली की ‘वाड’ वेगळा पडतो आणि पुढचा भाग तपासायला मोकळा होतो. बाल्कनमध्येही तेच करायचं.

‘-ब्रिया’: मेसेम्ब्रिया (आजचं नेसेबर), सेलिम्ब्रिया (आजचं सिलिव्री). स्ट्रेबो स्पष्ट सांगतो की थ्रेसियन भाषेत ब्रिया म्हणजे नगर. समकालीन माणसाने अर्थ दिलेला प्रत्यय क्वचित मिळतो, म्हणून तक्त्यावर हा पहिला घ्या. मध्य आशियातल्या जुन्या तोखारी भाषेत नगराला ‘रि’, ‘रिये’ म्हणतात, त्याच्याशी ब्रियाचं नातं लावतात.

‘-पारा’: बेस्सापारा, सेर्दिका ते फिलिप्पोपोलिस (आजचं सोफिया ते प्लोव्हदिव्ह) या रस्त्यावर. पहिला भाग बेस्सी जमातीचा.

‘-दावा’: सुकिदावा, बुरिदावा, पिरोबोरिदावा. ही नावं मुख्यतः डॅन्यूबच्या दोन्ही अंगांना, दाकियन मुलखात (मुख्यतः आजचा रोमानिया). मूळ बहुतेक ‘धा’ (ठेवणे, वसवणे), ज्यातून आपलं ‘धाम’.

व्लादिमिर गेओर्गिएव्ह या बल्गेरियन भाषाशास्त्रज्ञाने याच वाटणीवरून दाकियन आणि थ्रेसियन या दोन वेगळ्या भाषा असल्याचं मांडलं: दावा उत्तरेला, पारा-ब्रिया-दिज़ा दक्षिणेला. सगळ्यांना ते मान्य नाही, पण नकाशावर दोन रंगांच्या टाचण्या लावून बघा, वाटणी डोळ्यांना दिसते. टाचण्या लावताना एक पथ्य पाळा: नाव ज्या शतकातल्या ग्रंथात आलंय ते शतक टाचणीवर लिहा. सहाव्या शतकात इतिहासकार प्रोकोपियसने बाल्कनमधल्या किल्ल्यांच्या लांबलचक याद्या दिल्या आहेत. ती नावं आणि हेरोडोटसची नावं यांत हजार वर्षांचं अंतर आहे. ती एकाच थरात मिसळली की वाटणी पुसट होते.

आता पुल्पुदेवा. त्यात देव नाही, ती ‘दावा’च आहे. मॅसेडोनियाचा राजा दुसऱ्या फिलिपने इ.स.पू. ३४२ च्या सुमारास ते गाव घेतलं आणि नाव पडलं फिलिप्पोपोलिस, फिलिपचं नगर. स्थानिकांनी नाव टाकलं नाही, त्याचं भाषांतर केलं: पोलिसच्या जागी देवा. आणि फिलिप्पोचं ‘पुल्पु’ का झालं? त्या काळचा ग्रीक फ हा ‘फोटो’तला फ नव्हता, आपल्या ‘फळ’मधला ओठ मिटून उच्चारायचा महाप्राण फ होता. त्यातला श्वास ज्यांच्या कानाला लागत नाही त्यांना तो प ऐकू येतो. पुढे स्लाव लोकांनी पुल्पुदेवाचं प्लोव्हदिव्ह केलं, तुर्कांनी ग्रीक रूपावरून फिलिबे केलं. एकाच गावाच्या नावाच्या दोन वंशावळी, दोन्ही आजपर्यंत पोचलेल्या. बेळगावचं वेणुग्राम ज्यांना ठाऊक आहे त्यांना नावाचं भाषांतर नवीन नाही.

जुनी_ग्रीक_पोथी

वरच्या दोन्ही उत्तरांशी सहमत, फक्त हाइमोसबद्दल भर घालतो. बऱ्याच ठिकाणी तुम्हाला असं वाचायला मिळेल की मूळ थ्रेसियन शब्द ‘साइमोन’ (पर्वताची धार) होता आणि स चा ह झाला. स चा ह होणं आपल्याला परकं नाही. मराठीत सप्ताहही आहे आणि फारसीतून आलेला हप्ताही आहे, आणि ग्रीकमध्ये सातला ‘हेप्ता’ म्हणतात. पण अडचण काळाची आहे. ग्रीकमधला हा बदल रेखीय-ब या सर्वात जुन्या ग्रीक लेखनाच्या लिपीतल्या मातीच्या पाट्यांच्या आधीच पूर्ण झालेला होता, म्हणजे इ.स.पू. १४०० च्याही आधी. त्यानंतर ग्रीकांनी परक्यांकडून घेतलेल्या नावांतला स तसाच राहतो. सेर्दिकाची कुणी हेर्दिका केली नाही. तेव्हा एकतर नाव फार लवकर घेतलं गेलं, किंवा बदल थ्रेसियनच्याच एखाद्या बोलीत झाला. तक्त्यावर ‘साइमोन’पुढे प्रश्नचिन्ह टाका.

ग्रीकांनी स्वतः हाइमोसचं नातं ‘हाइमा’ (रक्त) या शब्दाशी लावलं, तिफोन राक्षसाचं रक्त तिथे सांडलं म्हणून. कोल्हासुरावरून कोल्हापूर म्हणतात तसंच. शिलालेखांत ‘कोल्लापुर’ हे रूप आहे, कथा त्यावर नंतर चढली. अशी कथा व्युत्पत्ती म्हणून टाकून द्या, पण जपून ठेवा: नावाचा अर्थ लोकांना उमगेनासा झाला होता, याची ती साक्ष असते.

लोकव्युत्पत्ती नुसती कथा रचून थांबत नाही, नावाचं रूपही वाकवते, आणि तक्ते तिथेच फसतात. स्ट्रेबोच्या म्हणण्याप्रमाणे मेसेम्ब्रिया आधी मेनेब्रिया होतं, मेनास नावाच्या संस्थापकाचं नगर. ग्रीक कानाला ‘मेसेम्ब्रिया’ म्हणजे मध्यान्ह, म्हणून रूप तिकडे झुकलं. सेर्दिका सेर्दी जमातीवरून पडलेलं. स्लाव लोकांनी त्याचं ‘स्रेदेत्स’ केलं कारण त्यांच्या भाषेत ‘स्रेद-’ म्हणजे मध्य, आणि गाव खरोखर मधोमध वाटावं असं. चौदाव्या शतकात संत सोफियाच्या चर्चवरून सोफिया झालं. काळ्या समुद्राचं इराणी नाव ‘अख्शाइन’ (गडद) ग्रीकांनी ‘आक्सेइनोस’ (परक्याला थारा न देणारा) असं ऐकलं, आणि मग अपशकुन नको म्हणून ‘एउक्सेइनोस’ (पाहुणचार करणारा) केलं.

रोमनांनी तर अपशकुनापायी एक नाव टाकूनच दिलं. एपिदाम्नोस या बंदराच्या नावात त्यांना ‘दाम्नुम’, म्हणजे नुकसान, ऐकू येई. म्हणून त्यांनी दुसरं ग्रीक नाव दिर्राखियोन वापरात ठेवलं, आणि आजचं दुर्रेस त्यातूनच आलं.

करवीर_वाचनकट्टा

सर्वांचे आभार. हाइमोस, दरद आणि देव खोडले. आता मेंढ्यांचं आणि एकूण जमातींच्या नावांचं सांगा. आणि ‘बाल्कन’ हा शब्द स्वतः प्राचीन आहे का?

नामशोधक

‘बाल्कन’ प्राचीन नाही. तो तुर्की शब्द, झाडीने भरलेली डोंगररांग. संपूर्ण द्वीपकल्पाला ते नाव १८०८ मध्ये ऑगस्ट त्सोइने या जर्मन भूगोलतज्ज्ञाने दिलं, ही एकच रांग एड्रियाटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत सलग जाते अशा समजातून. समज चुकीचा होता, नाव टिकलं.

मेंढ्यांचा आधार असा फसवा आहे. स्ट्रेबो सांगतो की रोमन सेनापती नासिकाने देल्मिनियुम हे नगर लहान करून टाकलं आणि मैदानाचं मेंढ्यांचं कुरण केलं. ही घटना इ.स.पू. १५५ ची, नाव त्याआधीच होतं. आणि ‘मेंढ्यांचं कुरण करणे’ हा ग्रीकमध्ये मुलूख उजाड केल्याचा वाक्प्रचार आहे, आपल्याकडे ‘गाढवाचा नांगर फिरवला’ म्हणतात तसा. त्यावरून पुण्याच्या नावात गाढव शोधायला कुणी जाणार नाही. मेंढीची खरी बाजू वेगळ्या पुराव्यावर उभी आहे: अल्बानियनमध्ये मेंढीला ‘देले’ म्हणतात, आणि जमातीचं जुनं रूप ‘देल्मातै’ असं ए-कारान्वित आहे, दाल्मातिया हे नंतरचं. दार्दानींचं तसंच: अल्बानियन ‘दार्ध’ म्हणजे नाशपती. योहान गेओर्ग फॉन हान याने १८५४ मध्ये ही जोडी मांडली. ध्वनीच्या अंगाने ती बसते, कारण अल्बानियनमधला ‘र्ध’ जुन्या ‘र्द’मधून येतो.

तरी दोन्हीपुढे ‘संभाव्य’ लिहा. अल्बानियन भाषेचं सर्वात जुनं लिखित वाक्य १४६२ चं आहे, बाप्तिस्म्याचं. जमातींची नावं त्याच्या दीड हजार वर्षं आधीची. इतक्या उशिराच्या रूपाने इतक्या जुन्या नावाचा अर्थ लावायचा म्हणजे मधली पायरी न् पायरी ध्वनिनियमांनी भरावी लागते. शिवाय इलिरियन (बाल्कनच्या पश्चिम भागातल्या प्राचीन) भाषेचा बाल्कनमध्ये निर्विवाद असा एकही लेख नाही, हातात आहेत ती नावं आणि ग्रीक-रोमनांनी टिपलेले मोजके शब्द. थ्रेसियनचे लेखही बोटांवर मोजण्याइतके. १९१२ मध्ये एज़ेरोव्होला सापडलेल्या सोन्याच्या अंगठीवर ६१ ग्रीक अक्षरं आहेत, शब्दांत जागा न सोडता कोरलेली, आणि शब्द कुठे तोडायचे यावरच अजून एकमत नाही.

माकेदोनेस: ग्रीक ‘माकेद्नोस’, उंच, सडपातळ. ओडिसीत उंच पॉप्लरच्या झाडाला हेच विशेषण लावलंय, आणि ‘माक्रोस’ (लांब) त्याच घरातला. उंच माणसं की उंच मुलखातली माणसं, हे नावावरून ठरत नाही, म्हणून तक्त्यावर ‘उंच’ एवढंच लिहा.

दाकी: स्ट्रेबो त्यांचं जुनं नाव ‘दाओइ’ देतो, आणि हेसिखियोसच्या कोशात ‘दाओस’ म्हणजे फ्रिजियन (आशिया मायनरमधल्या एका प्राचीन) भाषेत लांडगा. प्राण्यावरून जमातीचं नाव पडतं, इटलीतल्या हिर्पिनींचं लांडग्यावरूनच पडलंय. पण शब्द फ्रिजियन, जमात दाकियन, हे अंतर नोंदीत दिसलं पाहिजे.

जमातींच्या रकान्यात आणखी एक रकाना पाडा: ‘नाव कोणी ठेवलं’. याच्याशिवाय तक्ता दिशाभूल करेल. रोमन लेखक प्लिनी ‘ज्यांना खरोखर इलिरी म्हणतात ते’ असा वेगळा उल्लेख करतो, म्हणजे एड्रियाटिकच्या दक्षिण किनाऱ्यालगतची एक छोटी जमात. ग्रीक-रोमनांना ती आधी भेटली आणि तिचं नाव सगळ्या शेजाऱ्यांना चिकटलं. त्यातले कित्येक स्वतःला कधीच इलिरी म्हणाले नसतील. ग्रीकांचंही तेच झालं. ते स्वतःला हेल्लेनेस म्हणत, आणि होमरमध्ये हेल्लास हा थेसलीच्या दक्षिणेचा लहानसा मुलूख आहे. रोमन त्यांना ‘ग्रैकी’ म्हणत. वायव्य ग्रीसमधल्या दोदोना भागातल्या लोकांना पूर्वी ग्राइकोइ म्हणत, असं अ‍ॅरिस्टॉटल नोंदवतो. आणि आपण त्यांना यवन म्हणालो, आशिया मायनरच्या किनाऱ्यावरच्या आयोनियनांवरून, इराणी ‘यौन’मार्गे. कार्ल्याच्या लेण्यात दान देणारे यवन त्याच नावाने कोरलेत. एका समाजाची तीन नावं, एक त्यांचं स्वतःचं आणि दोन इतरांनी दिलेली, आणि तिन्ही वेळा एका लहान गटाचंच नाव सगळ्यांना पडलं.

शिरोळ_नकाशे

गावांच्या आजच्या रूपांवरून मागे जाताना स्लाव भाषांचे नियम हाताशी ठेवा. सहाव्या-सातव्या शतकात स्लाव आले, त्यांनी नावं ऐकली आणि आपल्या जिभेला बसवली. नियम दोनच, पण कामाचे. पहिला: स्वर + र/ल + व्यंजन असा क्रम उलटतो. स्कार्दोनाचं स्क्रादिन, आर्बाचं राब, अल्बोनाचं लाबिन. आपण नुकसानचं नुसकान करतो तसा वर्णविपर्यय, फक्त तिथे तो नियमाने होतो. दुसरा: जुन्या ऱ्हस्व अ चा ओ, पण पहिल्या नियमाने क्रम उलटलेल्या ठिकाणी नाही. सालोनाचं सोलिन. एखादं नाव यांतून गेलेलं दिसलं तर ते लवकर, ऐकून घेतलेलं. न गेलेलं दिसलं तर उशिरा घेतलेलं किंवा पुस्तकातून परत आणलेलं. त्यामुळे आजचं रूप प्राचीन रूपाशी हुबेहूब जुळतंय म्हणून खूश होऊ नका, आधी संशय घ्या.

बेलग्राड या यादीत बसत नाही. तिथलं प्राचीन नाव सिंगिदुनुम, आणि ‘-दुनुम’ हा केल्टिक प्रत्यय, किल्ला. म्हणून मूळ भाषेच्या रकान्यात थ्रेसियन किंवा इलिरियन न लिहिता केल्टिक लिहा, निदान शेवटच्या भागापुरतं. स्लाव लोकांनी नाव पूर्ण बदललं: पांढरं नगर.

जुनी_ग्रीक_पोथी

दक्षिणेकडच्या नावांना स्वतंत्र रंग द्या. कोरिंथोस, ज़ाकिंथोस यांतला ‘-न्थ-’ आणि पार्नास्सोस, क्नोस्सोस यांतला ‘-स्स-’ ग्रीक नाहीत. ग्रीक येण्याआधीच्या लोकांचे आहेत, आणि अनातोलियातल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) ‘-वांदा’, ‘-अस्सा’ नावांशी मिळतेजुळते. भाषाशास्त्रज्ञ पाउल क्रेच्मरने १८९६ मध्ये हे मांडलं. अथेन्सच्या बोलीत ‘स्स’चा ‘त्त’ होतो, म्हणून हिमेत्तोस आणि लिकाबेत्तोस हे डोंगरही याच ओळीतले. लिकाबेत्तोसमध्ये ग्रीक ‘लिकोस’ (लांडगा) शोधणाऱ्यांचा घोटाळा एवढाच की त्यांनी प्रत्यय आधी सोडवला नाही.

देवनागरीत लिहिताना इंग्रजी उच्चार मध्ये आणू नका. तक्त्यावर थ्राके, माकेदोनिया, इलिरिया लिहा आणि खाली बारीक अक्षरात थ्रेस, मॅसेडोनिया. ग्रीक -ओस, -ओइ आणि लॅटिन -उम, -ऐ ही शेपटं वेगळ्या शाईने लिहा, कारण ती लिहून घेणाऱ्याची आहेत, नावाची नाहीत. ‘दाकी’मधलं नाव ‘दाक-’ एवढंच. आपली लिपी इथे कामाला येते: फ, थ, ख हे ग्रीक महाप्राण ती एकेका अक्षरात दाखवते, रोमन लिपीला त्यासाठी दोन-दोन अक्षरं लागतात. म्हणून ‘कोरिंथोस’मधला थ ‘थाळी’तला समजून वाचायला सांगा, आणि ‘स्त्रिमोन’मधला त अल्पप्राण ठेवा, ‘स्थ्रिमोन’ होऊ देऊ नका.